मुरघास दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांतच का तापतो? मोठ्या गोठ्यावरील बंकरचे निदान

तक्रार दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. फेब्रुवारीत भरलेला मक्याचा बंकर, म्हणजे हिरवी कुट्टी दाबून, झाकून आंबवण्याचा भिंतींमधला हौद, एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उघडला जातो, पहिले आठ दिवस त्यातली आंबवलेली वैरण, म्हणजे मुरघास, पिवळसर-हिरवा आणि मोकळ्या आंबट वासाचा निघतो, गाई गव्हाण चाटूनपुसून ठेवतात, आणि मग एका सकाळी लोडरचा चालक सांगत येतो की बंकरच्या तोंडातून, म्हणजे मुरघास कापून काढतो त्या उघड्या बाजूतून, वाफ निघते आहे. पुढच्या दोन-तीन दिवसांत गव्हाणीत वैरण उरू लागते, काही गाईंचे शेण पातळ होते, संकलनाच्या वहीतले लिटर घटू लागतात आणि बंकरच्या वरच्या कोपऱ्यांत पांढऱ्या बुरशीचे पुंजके दिसतात. मे महिना कसाबसा निघतो. जूनमध्ये पाऊस पडला, हवा गार झाली की सगळे या प्रकाराला विसरतात, आणि पुढच्या फेब्रुवारीत बंकर पुन्हा तसाच भरला जातो.

फलटण-बारामती पट्ट्यातील दीडशे दुभत्या गाईंच्या ज्या गोठ्याची व्यवस्था मी पाहतो, तेथे हा प्रकार लागोपाठ तीन उन्हाळे घडला. पहिल्या वर्षी आम्ही कल्चर, म्हणजे भरताना कुट्टीत घालायचे जिवाणू, बदलले, दुसऱ्या वर्षी प्लास्टिक बदलले, तिसऱ्या वर्षी मक्याचे वाण बदलले, आणि तिन्ही वेळा मुरघास एप्रिलच्या त्याच सुमारास तापला. आमच्या चुका बाजारातून आणलेल्या वस्तूंत नव्हत्या. त्या बंकरची रुंदी, दाबणीचा ट्रॅक्टर आणि वजनकाटा या तीन ठिकाणी होत्या, आणि त्यांपैकी एकीवरही कोणत्याच दुकानात औषध मिळत नाही.

मुरघास तापतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. हवाबंद अवस्थेत दुग्धाम्ल जिवाणू मक्यातील साखरेचे आम्ल करतात, सामू (पीएच) ४ च्या आसपास उतरतो आणि बाकीचे जीवजंतू गप्प बसतात. त्यात यीस्ट मात्र मरत नाही, फक्त निजून राहते. बंकर उघडून तोंडाला हवा लागली की हे यीस्ट जागे होते आणि ज्या दुग्धाम्लाने मुरघास टिकून राहिलेला असतो तेच खाऊ लागते. त्यातून उष्णता निघते, आम्ल संपते तसा सामू चढतो, आणि सामू चढला की बुरशीला वाट मोकळी होते. म्हणजे बुरशी दिसते तेव्हा प्रकरण शेवटच्या टप्प्यात असते. शिवाय जी उष्णता आपल्या हाताला लागते ती गाईच्या पोटात जावयाच्या ऊर्जेची असते, त्यामुळे तापलेला मुरघास गाईंनी मुकाट्याने खाल्ला तरी तोटा झालेलाच असतो.

आधी खात्री करावी

प्रत्येक गरम मुरघास बिघडलेला नसतो. भरतेवेळी कुट्टीतील पेशी काही काळ श्वसन करीत असतात आणि किण्वनाचीही थोडी ऊब असते, त्यामुळे मोठ्या बंकरचा गाभा भरावाच्या वेळच्या तापमानाहून काही अंशांनी चढतो आणि ती ऊब आत महिनोन् महिने टिकून राहते. उन्हाच्या दिवसांत भरलेल्या मोठ्या बंकरच्या पोटात हात घातला आणि तो कोमट लागला, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पहाटेच्या गारव्यात अशा बंकरमधूनही वाफ दिसते आणि लोक उगाच धास्तावतात.

फरक ओळखण्यासाठी लांब दांडीचा थर्मामीटर घ्यावा. कंपोस्टच्या ढिगासाठी मिळतो तो पुरतो. तोंडावर एका जागी तो सुमारे १० सेंटीमीटर आत खुपसून आकडा लिहावा, आणि मग त्याच जागी ४५ सेंटीमीटर आत नेऊन पुन्हा आकडा लिहावा. दोन्ही आकडे सारखे असतील, किंवा आतला थोडा जास्त असेल, तर ती जुनी ऊब समजावी. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा चढा असेल, तर हवा शिरून तोंड तापू लागले आहे. आमच्या वहीत एका एप्रिलच्या नोंदी आहेत: मध्यभागी आत ३५ अंश व बाहेर ३६ अंश, आणि त्याच वेळी उजव्या खांद्याला, म्हणजे भिंतीलगतच्या वरच्या कोपऱ्यात, आत ३८ व बाहेर ४७. या चार आकड्यांनी जे सांगितले ते तीन वर्षे वास घेऊन आम्हाला कळले नव्हते. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर येथे उपयोगाचा नाही, कारण तो फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो आणि त्यावर ऊन पडलेले असले तर उन्हाचेच.

एक सावधगिरी येथेच सांगतो. आठ-दहा फूट उंचीचे मुरघासाचे तोंड काही सूचना न देता ढासळते आणि खाली सापडलेल्या माणसाला बाहेर काढायला वेळ मिळत नाही. उंचीच्या तिप्पट अंतरापर्यंत कोणी विनाकारण उभे राहू नये, थर्मामीटर घेऊन एकट्याने जाऊ नये, आणि तोंडाला वरून पुढे आलेला छज्जा दिसत असेल तर आधी तो लोडरने उतरवावा. तपासणीसाठी नमुना हवा असल्यास तो लोडरच्या बादलीतून घ्यावा.

तोंड कुठे तापते ते पाहावे

निदान बरेचसे जागेवरून होते. फक्त वरचा हात-दीड हात थर आणि भिंतीलगतचे खांदे तापत किंवा बुरसटत असतील, आणि मधला भाग ठणठणीत असेल, तर दोष झाकणीचा आहे. प्लास्टिक भिंतीवरून नीट आत वळवलेले नाही, कडेला वजन कमी पडले आहे, कावळ्यांनी टोचून ठेवले आहे किंवा उंदरांनी भिंतीकडून बिळे केली आहेत, यांपैकी काहीतरी सापडते. यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे भराव सुरू होण्याआधी दोन्ही भिंतींना आतून प्लास्टिक लावून त्याचा भाग बाहेर लोंबता ठेवणे आणि शेवटी तो मुरघासावर आत दुमडून त्यावर मुख्य ताडपत्री घेणे. सिमेंटच्या भिंतीला बारीक भेगा असतात आणि हवा तेथूनच खांद्यांत शिरते. पांढरी बाजू वर येईल असे पांढरे-काळे प्लास्टिक उन्हात कमी तापते. वजनासाठी जुने टायर वापरण्याची पद्धत चांगली आहे, परंतु त्यांत पावसाचे पाणी साचून डास होतात, आणि कुजलेल्या टायरमधून सुटलेली तार मुरघासाबरोबर गाईच्या जाळीपोटात जाते. वाळू भरलेली लांबट पोती एकाला एक भिडवून कडेने ठेवली, तर दोन्ही त्रास टळतात.

तोंडावर आडवा तपकिरी पट्टा दिसत असेल, वर आणि खाली माल चांगला आणि मध्येच चार बोटे जाडीचा काळपट थर, तर भरतेवेळी काम तेथे थांबले होते असे समजावे. बहुधा ती रात्र असते. आमच्या एका बंकरमध्ये असे दोन पट्टे होते, आणि हजेरीच्या वहीत पाहिल्यावर हार्वेस्टर ज्या दोन दिवशी बंद पडला होता तेच दिवस निघाले. या पट्ट्याला भाजलेल्या गुळासारखा किंवा तंबाखूसारखा वास येतो, गाई तो आवडीने खातात, आणि म्हणून पुष्कळ जण त्याला उत्तम मुरघास समजतात. प्रत्यक्षात त्यातील प्रथिने उष्णतेने बांधली जाऊन गाईच्या उपयोगातून गेलेली असतात.

वासाबद्दल आणखी थोडे. ताडीसारखा वास यीस्टचा असतो, आणि तो आला की दोन दिवसांत तोंड तापणार असे समजून चालावे. व्हिनेगरसारखा हलका आंबूस वास काळजीचा नसतो. उग्र, कुजट, हातावरून साबणानेही न जाणारा वास ब्युटिरिक आम्लाचा असतो आणि तो वेगळ्या दुखण्याकडे, म्हणजे फार ओल्या किंवा मातीमिश्रित मालाकडे बोट दाखवतो.

आणि जर खांदे, वरचा थर, पट्टे असा भेद न राहता संपूर्ण तोंडच तापत असेल, तर दोष झाकणीत शोधू नये. तो पुढच्या तीन ठिकाणी असतो.

रुंदीचा हिशेब

कापलेल्या तोंडातून हवा रोज काही अंतर आत शिरते. आपण रोज जेवढे आत सरकतो ते हवेच्या वेगापेक्षा जास्त असले, तर यीस्टला काम सुरू करायला सवड मिळत नाही. थंडीत रोज ६ इंच सरकलो तरी भागते, परंतु उन्हाळ्यात निदान १२ इंच सरकणे आवश्यक असते. हा आकडा पाळता येतो की नाही, हे गाईंची संख्या आणि तोंडाचे क्षेत्रफळ यांवर ठरते आणि ते बंकर बांधला त्याच दिवशी ठरून गेलेले असते.

आमचाच हिशेब मांडतो. दीडशे गाई, प्रत्येकीला २० किलो, म्हणजे रोज ३,००० किलो मुरघास. मध्यम दाबलेला मुरघास घनफुटाला साधारण १८ किलो भरतो, म्हणून रोज सुमारे १६७ घनफूट माल उचलला जातो. बंकर ३० फूट रुंद आणि ८ फूट उंच, म्हणजे तोंड २४० चौरस फूट. १६७ ला २४० ने भागले की उत्तर येते ०.७ फूट, म्हणजे जेमतेम ८ इंच. डिसेंबरात हा बंकर उत्तम चालला असता. एप्रिलमध्ये तो तापणारच होता, त्यात कोणतेही कल्चर घाला किंवा कोणत्याही वाणाचा मका भरा. बंकर बांधताना जनावरांची संख्या तीनशेवर जाईल असे गृहीत धरले होते आणि ती गेली नाही, एवढीच त्यामागची गोष्ट आहे. मोठ्या गोठ्यांवर ही चूक वारंवार दिसते, कारण बंकरची लांबी-रुंदी ठरवताना साठवण किती टनांची एवढेच विचारले जाते, रोज किती इंच उचलले जाईल हे कोणी विचारत नाही.

त्याच क्षमतेचा बंकर ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद करण्याऐवजी ९० फूट लांब आणि २० फूट रुंद केला असता, तर तोंड १६० चौरस फुटांचे झाले असते आणि रोजची चाल साडेबारा इंच आली असती. नवा बांधणाऱ्याने रुंदी उन्हाळ्यातील सर्वांत कमी जनावरे धरून काढावी आणि उरलेली क्षमता लांबीत घ्यावी. एवढे मात्र पाहावे की दाबणीच्या ट्रॅक्टरला चाकाच्या रेषा बदलत फिरता आले पाहिजे, म्हणून रुंदी ट्रॅक्टरच्या दुपटीपेक्षा कमी नसावी.

ज्याचा बंकर आधीच बांधलेला आहे त्याला तीन वाटा आहेत. पहिली, मधोमध भिंत घालून दोन बंकर करणे. आम्ही हेच केले. पंधरा फुटांच्या तोंडात रोजची चाल १६ इंचांच्या वर गेली. या मधल्या भिंतीला एका बाजूने भरावाचा आणि ट्रॅक्टरचा पूर्ण रेटा बसतो आणि दुसरी बाजू रिकामी असते, त्यामुळे ती विटांची न घालता अभियंत्याकडून आराखडा करून काँक्रीटचीच घालावी. दुसरी वाट, रुंद बंकर थंडीत संपवणे आणि उन्हाळ्यासाठी अरुंद बंकर किंवा बॅगा राखून ठेवणे. याला खर्च जवळजवळ नाही, फक्त कोणता बंकर केव्हा भरावा आणि उघडावा याचे वेळापत्रक उलटे करावे लागते. तिसरी वाट, उन्हाळ्यात इतर ओली वैरण कमी करून मुरघासाचा वाटा वाढवणे. हा उपाय पशुआहार पाहणाऱ्याच्या सल्ल्यानेच करावा, कारण स्टार्च वाढले की पोटाचे दुखणे निराळे सुरू होते. तोंडाचा अर्धाच भाग पुढे नेण्याची युक्ती काही जण करतात. तिच्यामुळे मध्ये नवी उभी बाजू उघडी पडते आणि हवेला दोन तोंडे मिळतात, म्हणून ती करू नये.

उचलण्याची पद्धतही येथेच येते. लोडरची बादली खालून खुपसून वर उचकटली की तोंड आत हातभर सैल होते आणि भेगांतून हवा शिरते. बादलीच्या दातांनी वरून खाली खरवडत माल पाडावा आणि तेवढाच पाडावा जेवढा त्या वेळी घालायचा आहे. संध्याकाळी पाडून ठेवलेला ढीग सकाळी हमखास तापलेला असतो. ताडपत्रीही एका वेळी दोन-तीन दिवसांच्या मालापुरतीच मागे घ्यावी.

दाबणी

रुंदी बरोबर असूनही संपूर्ण तोंड तापत असेल तर मुरघास पोकळ आहे. हे तपासण्याची एक घरगुती रीत आहे. बंकरच्या भिंतीवर तोंडाच्या रेषेत खडूने खूण करावी, सात दिवस उचललेल्या मुरघासाचे वजन टीएमआर यंत्राच्या (वैरण आणि खाद्य एकत्र मिसळणाऱ्या) काट्यावरून लिहून ठेवावे आणि आठव्या दिवशी दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याने वजनाला भागावे. आमच्याकडे आठवड्याला २१,००० किलो उचलले गेले आणि तोंड ५ फूट सरकले, म्हणजे १,२०० घनफुटांत २१,००० किलो, घनफुटाला साडेसतरा. अपेक्षा २० किलोंच्या आसपास असते. साडेसतरा हा आकडा कानाला वाईट वाटत नाही, पण ती सरासरी आहे. खालचा भाग स्वतःच्या वजनानेच दाबला जातो, त्यामुळे वरचा तिसरा हिस्सा याहून बराच पोकळ असतो.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. आमच्या ट्रॅक्टरचालकाने भरावाच्या दुसऱ्याच दिवशी मला विचारले होते, "साहेब, ट्रॉल्या थांबतच नाहीत, मी दाबायचं कधी?" त्या वेळी मी त्याला हात चालवायला सांगितले. त्याचा प्रश्न मात्र अचूक होता. जगभर वापरला जाणारा साधा नियम असा आहे की ताशी जितके टन कुट्टी बंकरवर येते, त्याला ४०० ने गुणले म्हणजे दाबणीसाठी लागणारे वजन किलोंत मिळते. आमच्याकडे दर बारा मिनिटांनी ३ टनांची एक ट्रॉली येत होती, म्हणजे ताशी १५ टन. त्यासाठी ६,००० किलो वजन सतत फिरत राहायला हवे होते. ५० अश्वशक्तीचा एक ट्रॅक्टर सव्वादोन टनांच्या आसपास असतो आणि तो ताशी साडेपाच टनांना पुरतो. हार्वेस्टर चालवणारा तासावर पैसे घेत होता, म्हणून त्याला कोणी थांबवत नव्हते, आणि सगळ्यांचे लक्ष ट्रॉल्या मोजण्याकडे होते.

आता आम्ही ट्रॅक्टरला चाकांत पाणी आणि पुढे-मागे वजने घालून तीन टनांपर्यंत नेतो आणि जोडीला सुमारे साडेसात टनांचा चाकांचा लोडर भाड्याने घेतो. साखळीपट्ट्यांचे पोकलेन घेऊ नये. ते दिसायला भारी असते, पण त्याचे वजन पट्ट्यावर पसरते आणि दाब कमी पडतो. ट्रॉली एका जागी उलटून ढीग करण्याऐवजी थर सहा इंचांपेक्षा जाड न ठेवता पसरावा, कारण त्याहून जाड थराच्या तळापर्यंत चाकाचा दाब पोहोचत नाही, मग ट्रॅक्टर वरून कितीही फिरो. भराव मागच्या भिंतीपासून उताराने पुढे आणत जावा, एक फूट चढाला तीन फूट लांबी असा उतार ठेवला तर ट्रॅक्टर उलटण्याचा धोकाही कमी राहतो. संध्याकाळी काम थांबताना वरचा थर अर्धा तास जास्त दाबावा आणि रात्रीपुरते प्लास्टिक ओढून घ्यावे. त्या अर्ध्या तासाने तपकिरी पट्टा टळतो.

कुट्टीची लांबी दाबणीवर थेट परिणाम करते. दाणे फोडणारे रोलर नसलेल्या यंत्रात १० ते १२ मिलिमीटर लांबी ठेवावी. पाती बोथट झाली की पाने चिरली न जाता लांब फाटतात आणि गादीसारखी स्प्रिंग तयार होते, म्हणून पात्यांना रोज धार लावणे हार्वेस्टरच्या करारातच लिहून घ्यावे.

कापणीची वेळ आणि वजनकाटा

हा भाग मोठ्या गोठ्यांचा खास आहे, कारण तेथे मका स्वतःच्या शेतातला नसून आसपासच्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांकडून विकत घेतलेला असतो.

बंकरसाठी मक्यात कोरडा भाग ३२ ते ३५ टक्के असावा. दाण्यावरील दुधाची रेषा, म्हणजे घट्ट झालेला आणि अजून दुधाळ असलेला भाग यांमधली सीमा, अर्ध्यावर किंवा थोडी खाली आली म्हणजे साधारण ही अवस्था येते. कणीस मधून मोडून दाण्याची रेषा पाहण्यास दोन मिनिटे लागतात. तरीही मका बहुधा याआधीच, दाणा चिकात असताना, कोरडा भाग २५ टक्के असताना कापला जातो, आणि त्याचे कारण काट्यावर आहे. आपण हिरव्या टनाला भाव देतो, आणि हिरवा मका पाण्यामुळे जड असतो. दोन आठवडे थांबून वजन घटवावे, वर पुढच्या पिकासाठी रान उशिरा मोकळे व्हावे, यात शेतकऱ्याचा काहीच फायदा नसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. २५ टक्क्यांच्या टनात आपल्याला २५० किलो कोरडा माल मिळतो आणि ३३ टक्क्यांच्या टनात ३३० किलो, आणि दोन्हींना आपण सारखेच पैसे मोजतो.

ओल्या मालातून बंकरखालून काळपट, आंबट पाणी वाहते, आणि ते पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे गेले तर मासेही मरतात. हे एकदा पाहिले की पुढच्या वर्षी व्यवस्थापक हटकून उशीर करतो, आणि मग खरी पंचाईत होते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात मका दिवसाला अर्धा ते एक टक्का सुकतो. हार्वेस्टर मिळायला आठवडा लागला, वीस शेतांतले शेवटचे शेत कापेपर्यंत आणखी चार दिवस गेले, की कोरडा भाग ४० टक्क्यांवर जातो. असा मका दाबला जात नाही, पाचोळ्यासारखा फुलून येतो आणि उघडताच तापतो. एका वर्षी गळणे आणि दुसऱ्या वर्षी तापणे, असा हेलकावा बऱ्याच गोठ्यांवर दिसतो.

मोजणी सोपी आहे. चिरलेल्या कुट्टीतून १०० ग्रॅम नमुना घ्यावा, मायक्रोवेव्हमध्ये कोपऱ्यात पाण्याचा पेला ठेवून दोन-दोन मिनिटांच्या टप्प्यांनी वाळवावा, प्रत्येक टप्प्यानंतर वजन करावे आणि वजन घटायचे थांबले की उरलेले ग्रॅम हीच कोरड्या भागाची टक्केवारी. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह वापरू नये, वास जात नाही आणि घरात शब्द ऐकावे लागतात. शेतावर मुठीची परीक्षा चालते: कुट्टी अर्धा मिनिट घट्ट आवळून मूठ उघडावी. पाणी ठिबकले तर मका कच्चा आहे, गोळा हळूहळू उमलला आणि तळवा जेमतेम ओलसर झाला तर बरोबर आहे, गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला आहे.

आम्ही भावाची पद्धत बदलली. ३३ टक्क्यांना ठरलेला दर, त्याखाली प्रत्येक टक्क्याला ठरावीक कपात आणि वर ३६ पर्यंत वाढ, आणि नमुना शेतकऱ्यासमोरच वाळवायचा. पहिल्या हंगामात कुरबुर झाली. दुसऱ्या हंगामात शेतकरीच कणीस मोडून फोटो पाठवू लागले. सोबत पेरण्या आठ-आठ दिवसांच्या अंतराने ठरवून दिल्या, म्हणजे सगळी शेते एकदम तयार होत नाहीत.

मका हाताबाहेर सुकलाच असेल, तर कुट्टी आणखी बारीक करावी, थर चार इंचांचा घ्यावा आणि तो भाग बंकरच्या तळाशी भरून वर ओला माल घालावा.

कल्चर, गूळ आणि मीठ

मक्यात साखर मुळातच पुरेशी असते. गूळ, काकवी किंवा मळी घालण्याचा सल्ला गवतांसाठी आहे. मक्यात तो खर्च वाया जातो, आणि यीस्टला जास्तीचा खाऊ मिळतो तो वेगळाच. मिठाने तापणे थांबत नाही.

कल्चरचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि घोळ तेथे होतो. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमसारखे जिवाणू सुरुवातीचे किण्वन जलद करतात. त्यांच्यामुळे उघडल्यानंतरचे तापणे थांबत नाही, उलट स्वच्छ दुग्धाम्लाचा मुरघास कधी कधी जास्तच चटकन तापतो. उन्हाळ्यात उघडायच्या बंकरसाठी लॅक्टोबॅसिलस बुकनेरी हा जिवाणू असलेले कल्चर घ्यावे. तो थोड्या दुग्धाम्लाचे ॲसेटिक आम्ल करतो आणि त्या आम्लाने यीस्ट दबते. परंतु त्याला निदान ४५ ते ६० दिवस लागतात. महिन्याभरात बंकर उघडणाऱ्याला त्याचा फायदा मिळणार नाही. पाकिटावर कुट्टीच्या दर ग्रॅममागे किती जिवाणू पडतील ती संख्या पाहावी. मक्याच्या मुरघासासाठी बुकनेरीची संख्या ४ लाखांच्या आसपास असावी लागते.

पहिल्या वर्षी आमचे कल्चर वाया गेले ते आमच्याच हातांनी. हार्वेस्टरवरची काळी टाकी दुपारभर उन्हात होती आणि पाणी हाताला चटका देत होते. त्या पाण्यात जिवाणू शेतातच मेले असणार. टाकी सावलीत किंवा बर्फाच्या पिशव्यांत ठेवावी, पाणी क्लोरीनचे नसावे, आणि फवारा कुट्टीच्या झोतावरच पडावा. बंकरवर बादलीने शिंपडलेले कल्चर सगळीकडे पोहोचत नाही.

यंदाचा बंकर तापलाच असेल तर

बुरशीचा आणि काळपट झालेला माल हाताने वेगळा काढून खतखड्ड्यात टाकावा. थोडा-थोडा चांगल्यात मिसळून संपवण्याचा मोह सर्वांना होतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात वरच्या थरातील सडका मुरघास चांगल्यात मिसळून जनावरांना देऊन पाहिला गेला, तेव्हा थोड्या प्रमाणातही खाणे आणि तंतूंची पचनीयता घटलेली आढळली आणि कोठीपोटात, म्हणजे गाईच्या सर्वांत मोठ्या पोटात, तरंगणारा वैरणीचा थर विस्कटलेला दिसला. गाभण जनावरांना असा माल कदापि घालू नये, लिस्टेरिया या जिवाणूमुळे गर्भपात होऊ शकतो. भाकड गाई आणि कालवडी म्हणजे कचऱ्याची टोपली नव्हे, हेही मजुरांना स्पष्ट सांगावे लागते. कणसांवर लष्करी अळीचा किंवा बुरशीचा प्रादुर्भाव झालेला असेल, तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, कारण दुधातील अफ्लाटॉक्सिन एम-१ ची भारतातील मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे.

तोंडाची चाल ताबडतोब वाढवावी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त कापून उरलेला ताजा माल शेजारच्या गोठ्याला त्याच दिवशी विकावा. आम्ही एका मे महिन्यात रोज टनभर मुरघास पडत्या भावाने दिला आणि तरीही हिशेब फायद्याचा ठरला. गव्हाणीतले मिश्रण तापत असेल तर दिवसातून दोनदा ताजे करावे, मोठा वाटा सूर्यास्तानंतर घालावा, आणि मिश्रणात प्रोपिऑनिक आम्लाचे तयार द्रावण लेबलवरील प्रमाणात वापरावे. या द्रावणाने फक्त गव्हाणीतले काही तास वाचतात. तोंडावर ते फवारून उपयोग होत नाही, कारण हवा फवाऱ्याच्या कितीतरी पुढे आत गेलेली असते.

भिंत घातल्यानंतरचा आमचा पहिला उन्हाळा झाला आहे. मधल्या भागात आत-बाहेरचा फरक एक-दोन अंशांच्या वर गेला नाही. पश्चिमेकडचा खांदा मात्र अजून तापतो. त्या बाजूला कडुनिंब आहे, त्यावर कावळे बसतात, आणि प्लास्टिकला आठवड्याला चार-पाच छिद्रे पडतात. सध्या दर सोमवारी एक जण चिकटपट्टीचे रीळ घेऊन वर चढतो, आणि पुढच्या भरावाला त्या बाजूवर शेडनेट अंथरायचे ठरले आहे.